चाळणीमागे चाळणी



इतिहासावरचे व्याख्यान म्हटले की गड, लढाया आणि सनावळ्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. मी जी हकीकत सांगणार आहे तिचे वय जेमतेम तीस वर्षांचे, आणि तिच्यातले तट-बुरूज डोळ्यांना दिसत नाहीत. इंटरनेटवर आपण एक पान मागवतो आणि ते येत नाही. ते कोणी अडवले, कोणाच्या हुकमाने अडवले, हे समजत नाही. माझा विषय एवढाच आहे. मी संगणकाचा पदवीधर नव्हे. युनियनचे काम करताना जे जे अडले ते ते वाचून आणि जाणत्यांना विचारून शिकलो, इतकीच माझी शिदोरी.

सातपाटीच्या माणसाला चाळणीचे शास्त्र मुद्दाम शिकवावयास नको. डोल जाळे पाहा. तोंडाशी आस मोठे, आणि शेवटच्या पिशवीकडे जाता जाता ते बारीक होत जातात. एकाच जाळ्यात एकामागे एक अशा कितीतरी चाळण्या जोडलेल्या असतात म्हणा ना! त्या शेवटच्या बारीक आसांत पापलेटचे पिल्लू सापडते आणि पुढच्या हंगामाचा घास आजच संपतो, ही तक्रार ह्या किनाऱ्यावर जुनी आहे. सरकारने २०२३ साली पापलेटला राज्य मासा म्हणून मान दिला, त्याच्यामागेही हीच काळजी होती. परंतु एक गोष्ट लक्षात घ्या. पिल्ले कोणाच्या जाळ्यात गेली ह्यावर बंदरात भांडण होऊ शकते, कारण बोटीवर नंबर रंगवलेला असतो. इंटरनेटच्या चाळणीवर असा नंबर बहुधा नसतो.

आता मूळ गोष्टीकडे वळू. प्रॉक्सी म्हणजे मुखत्यार. आपण बाजारात न जाता मुखत्याराला यादी देतो आणि तो माल आणून देतो, तसा हा संगणक. कार्यालयातील पन्नास माणसे त्याला पत्ते सांगतात आणि तो बाहेर जाऊन पाने आणतो. ह्या पत्त्याला यूआरएल म्हणतात. वेबचा जन्म जिनेव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत झाला, आणि १९९४ च्या सुमारास तेथेच ह्या मुखत्याराचीही घडण झाली. पुढे अमेरिकेत हार्वेस्ट नावाच्या संशोधन-प्रकल्पातून निघालेला धागा उचलून ड्युएन वेसल्स ह्यांनी १९९६ साली स्क्विड नावाचा प्रॉक्सी उभा केला. स्क्विड म्हणजे आपले माकूळ. तो कोणालाही फुकट घेता येई आणि उघडून पाहताही येई. म्हणून कॉलेजे, कारखाने आणि सरकारी कचेऱ्या अशा ठिकाणी तो जगभर पसरला.

त्याचे पहिले काम पहाऱ्याचे नव्हते, काटकसरीचे होते. त्या काळी टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट मुंगीच्या पावलाने येई आणि पैसा मात्र भरपूर खाई. एकाने मागवलेले पान मुखत्याराने कोठारात ठेवावे, आणि दुसऱ्याने तेच मागितले तर बाहेर न जाता कोठारातून द्यावे, अशी ती योजना होती. आपल्याकडच्या सायबर कॅफेत एका लाइनवर आठ-दहा संगणक चालत ते असल्याच एखाद्या मुखत्याराच्या जिवावर. पण ज्याच्या हातून सारा माल जातो, त्याच्याच हाती माल अडवण्याची सत्ता आपोआप येते. कोठीवाल्याला पहारेकरी करावयास कोठे नवी भिंत बांधावी लागत नाही. मालकांच्या हे ध्यानात यावयास वेळ लागला नाही.

स्क्विडने ह्यासाठी एक साधा करार ठरवला. आलेला प्रत्येक पत्ता तो एका ओळीत लिहून शेजारी बसवलेल्या मदतनीस प्रोग्रॅमकडे सरकवतो. मागणारा संगणक कोणता, त्याच्यावर बसलेले माणूस कोण, हेही त्या ओळीत असते. मदतनिसाने एका ओळीत उत्तर द्यावयाचे. जुन्या करारात कोरी ओळ आली तर अर्थ असा की, हरकत नाही, जाऊ द्या. नवा पत्ता लिहून आला तर स्क्विड मूळ पान सोडून त्या नव्या पत्त्यावर जातो, आणि तेथे बहुधा ‘हे पान पाहण्यास मनाई आहे’ अशी पाटी ठेवलेली असते. अशा मदतनिसांत नॉर्वेहून आलेले स्क्विडगार्ड फार गाजले. त्यात पत्त्यांच्या याद्या विषयवार ठेवता येत आणि वेळेचे नियमही घालता येत.

अडचण अशी की ह्या मदतनिसासाठी स्क्विडमध्ये खुर्ची एकच. कोणाला जाहिराती गाळावयाच्या असत, कोणाला अश्लील पाने, कोणाला कामाच्या वेळातले क्रिकेट. प्रत्येक कामाचा प्रोग्रॅम निराळ्या माणसाने लिहिलेला. मग लोकांनी युक्ती काढली. खुर्चीवर एक मध्यस्थ बसवावयाचा. तो स्वतः काहीच ठरवत नाही. ओळ पहिल्या चाळणीला देतो, तिचे उत्तर घेतो, मग दुसरीला, मग तिसरीला, आणि शेवटचे उत्तर स्क्विडच्या हाती ठेवतो. ऑस्ट्रेलियातील कॅमेरॉन सिम्प्सन ह्यांनी जाहिराती गाळण्यासाठी अ‍ॅडझॅपर लिहिले, त्याच्याबरोबर असा साखळी जोडणारा छोटा प्रोग्रॅमही दिला होता. चाळणीमागे चाळणी म्हणतो ती ही.

ऐकावयास हे सोपे वाटते. पण घरातले पीठ आठवा. आधी सुपाने पाखडतात, मग चाळतात, वस्त्रगाळ करावयाचे असेल तर ते शेवटी. कोणी आधी वस्त्रगाळ करावयास बसत नाही. साखळीतही क्रमाला मोल आहे, आणि क्रमापेक्षाही अधिक मोल एका प्रश्नाला आहे. पहिल्या चाळणीने पत्ता बदलला तर दुसरीला काय दाखवावयाचे? मूळ पत्ता, की बदललेला? की पहिलीने अडवले तेथेच थांबावयाचे? तिन्ही रीती चालतात, आणि तिन्हींचे परिणाम वेगळे होतात.

दुसरे असे की कोरी ओळ फार फसवी असते. चाळणीने नीट तपासून हरकत नाही म्हटले तरी कोरी ओळ, आणि चाळणीला काही समजलेच नाही तरी कोरी ओळ. स्क्विडगार्डला आपली यादी वाचता आली नाही तर ते आणीबाणीच्या अवस्थेत जाई आणि सर्वांनाच सोडून देई. बाहेरून पाहणाऱ्याला पहारा चालू आहे असेच वाटे. उलट एखादा मदतनीस उत्तर लिहूनही ते हातातच धरून बसला, म्हणजे ओळ पूर्ण पुढे ढकललीच नाही, तर मागची सारी रांग खोळंबते. तीन चाळण्यांच्या साखळीत दोष मधलीचा असला तरी शिव्या पहिलीला पडतात, किंवा बिचाऱ्या टेलिफोन खात्याला!

ह्याचा अनुभव मला २०११ साली बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात आला. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. कामगारांसाठी टाइम ऑफिसात एक संगणक ठेवला होता. प्रॉव्हिडंट फंडाची बाकी पाहावी, अर्जाचे नमुने काढावेत, असा हेतू, आणि तो मागून घेण्यासाठी आम्हाला एक वर्ष वाटाघाट करावी लागली होती. निवृत्तीला आलेल्या एका कामगाराला ग्रॅच्युइटीच्या अर्जाचा नमुना हवा होता. कामगार कायद्यांची माहिती देणारे एक पान उघडले की समोर पांढरा फटक पडदा. ना मनाईची पाटी, ना चुकीचा क्रमांक. व्यवस्थापन म्हणाले, आम्ही काही बंद केले नाही, संगणकवाल्या ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणाला, यादी आमची नव्हे, ती बाहेरून तयार येते. ज्यांच्याकडून यादी येत होती त्यांना विचारण्यासाठी आमच्याजवळ पत्ताच नव्हता. गेटवर सिक्युरिटीने अडवले तर निदान समोर माणूस असतो, त्याला नाव विचारता येते. येथे तेही नाही.

शेवटी ठेकेदाराकडच्याच एका भल्या पोराने रविवारी बसून सारी साखळी उलगडली. तीन चाळण्या निघाल्या. पहिली अश्लील पत्त्यांची, तिने काही केले नव्हते. दुसरीत शब्दांची यादी होती, आणि त्या यादीत कोणीतरी ‘स्ट्राइक’ हा शब्द घातला होता. आमच्या पानाच्या पत्त्यात तो शब्द होता, म्हणून ते अडले. (क्रिकेटच्या स्ट्राइक रेटचे पानही त्यात अडले होते, असे नंतर कळले, त्याची तक्रार मात्र अधिकारीवर्गाकडून आली होती.) दुसऱ्या चाळणीने नियमाप्रमाणे पत्ता बदलून मनाईच्या पाटीचा पत्ता दिला होता. मध्यस्थाने तो बदललेला पत्ता तिसऱ्या चाळणीकडे नेला. ती चाळणी ठरावीक पत्तेच सोडत असे, आणि मनाईच्या पाटीचा पत्ता तिच्या यादीत नव्हता. म्हणून तिने पाटीही अडवली! पान अडले ते अडलेच, ते अडवले आहे हे सांगणारा कागदही अडला. आणि स्क्विडच्या नोंदवहीत पाहावे तर मागितलेला मूळ पत्ता होता. मधल्या कोणत्या चाळणीने तो फिरवला हे त्या वहीत आपोआप उमटत नाही.

दुरुस्ती दोन ओळींची होती. मला अधिक लागले ते निराळेच. स्क्विडगार्डमध्ये पहिल्यापासून अशी सोय होती की मनाईच्या पाटीवर कोणत्या यादीने अडवले, कोणता पत्ता अडवला, हे छापता यावे. म्हणजे बोटीवर नंबर रंगवावयाची सोय होती. रंग लावण्याची कोणाला गरज वाटली नव्हती.

एका कारखान्याची ही गोष्ट मी एवढी लांबवली, कारण देशाच्या पातळीवर हीच साखळी मोठ्या आकाराने दिसते. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. परदेशाकडे जाणारा दरवाजा त्या एका निगमाच्या हाती होता, आणि एका दरवाजाला एक पहारेकरी पुरतो. पहिली मोठी तक्रार अश्लीलतेची नव्हती, देशद्रोहाचीही नव्हती. ती गल्ल्याची होती. इंटरनेटवरून स्वस्तात परदेशी टेलिफोन करू देणारी संकेतस्थळे निगमाने अडवली, ही तक्रार १९९८ साली दिल्ली उच्च न्यायालयात गेली. तसा टेलिफोन करावयास कायदेशीर मुभा मिळाली ती १ एप्रिल २००२ पासून. १९९९ च्या कारगिल युद्धात पाकिस्तानच्या ‘डॉन’ वृत्तपत्राचे संकेतस्थळ बंद झाले. युद्धाचा काळ होता, फारसे कोणी बोलले नाही.

खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि दरवाजे वाढले. आता हुकूम दिल्लीहून निघे आणि तो अनेक कंपन्यांच्या मदतनिसांकडे जाई. येथे चाळणीच्या आसाचा प्रश्न उभा राहिला. सप्टेंबर २००३ मध्ये मेघालयातील एका फुटीर संघटनेशी संबंधित ‘किनहुन’ नावाचा याहूवरील एक चर्चागट बंद करावा असा आदेश निघाला. गट इवलासा, पाचपंचवीस सभासदांचा. परंतु कंपन्यांजवळ एक पान वेगळे काढण्याइतकी बारीक चाळणी नव्हती, किंवा ती बसवण्याची तसदी त्यांना नको होती. त्यांनी याहूचे सर्वच चर्चागट बंद केले. देशभरातील शाळांचे माजी विद्यार्थी, डॉक्टर, भाषाप्रेमी मंडळी ह्यांचे गट एका इवल्या गटासाठी काही दिवस अंधारात गेले. एक घर शोधता आले नाही म्हणून सारा पाडा सील करावा, तसा हा प्रकार.

तीन वर्षांनी तेच पुन्हा झाले, आणि ह्या वेळी आपल्या दाराशी. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले. त्या दिवशी विरारच्या पलीकडच्या प्रत्येक गावात कोणी ना कोणी कोणाची तरी वाट पाहत होते. त्यानंतर काही दिवसांतच दूरसंचार खात्याने वीसहून कमी संकेतस्थळांची यादी कंपन्यांना पाठवली. त्यांतील काही पाने ब्लॉगस्पॉटवर होती. कित्येक कंपन्यांनी अख्खे ब्लॉगस्पॉट बंद केले. जखमींची माहिती देण्याघेण्यासाठी, एकमेकांना मदत करण्यासाठी मुंबईकरांनी चालवलेली पानेही त्याच घरात होती. ओरड झाल्यावर खात्याने खुलासा केला की आम्ही ठरावीक पानेच सांगितली होती. कंपन्या म्हणाल्या, आम्ही हुकूम पाळला. माझ्या कारखान्यातील व्यवस्थापन, ठेकेदार आणि यादीवाला हे त्रिकूट आठवते ना?

चाळणी यंत्राचीच असते असेही नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर सबंध देशात गाजले. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. आपला जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. बाळासाहेब ठाकरे ह्यांच्या निधनानंतर जो बंद झाला त्याविषयी एका मुलीने फेसबुकवर मत लिहिले, दुसरीने ते आवडल्याची खूण केली. दोघींना अटक झाली. मागाहून पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, खटलाही पुढे गेला नाही. येथे मशीन नव्हते, यादी नव्हती; कोणाला तरी राग आला, पोलिसांनी कलम लावले. ते कलम माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ. त्याचे शब्द इतके सैल होते की कोणताही मासा त्यात सापडावा. ह्या प्रकरणामुळे सर्वोच्च न्यायालयात अर्ज गेला, आणि २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात न्यायालयाने ६६ अ रद्द केले.

आनंदाच्या भरात त्या निकालाचा दुसरा भाग पुष्कळांनी वाचला नाही. संकेतस्थळे बंद करण्याचा अधिकार देणारे कलम ६९ अ आणि त्याखालचे २००९ चे नियम न्यायालयाने कायम ठेवले. कारण काय? त्यांत पायऱ्या आहेत. मागणी खात्याच्या नेमलेल्या अधिकाऱ्यामार्फत यावयाची, गृह, विधी, माहिती आणि प्रसारण अशा खात्यांच्या अधिकाऱ्यांच्या समितीने ती पाहावयाची, सचिवाने मान्यता द्यावयाची, कारणे लेखी नोंदवावयाची, लिहिणारा सापडत असेल तर त्याचे म्हणणे ऐकावयाचे, आणि वर फेरतपासणीची समिती. म्हणजे माणसांची साखळी! कागदावर ती चांगलीच आहे. पण त्याच नियमांत सोळावा नियम गुप्ततेचा आहे: मागणी, तक्रार आणि तिच्यावरील कारवाई गुप्त ठेवावयाची. लेखी कारणांविरुद्ध न्यायालयात जाता येते, हे खरे. परंतु लेखी कारण हाती पडले पाहिजे. हुंड्याच्या प्रथेची थट्टा करणारे एका पत्रकाराचे संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झाले. त्याला आदेशाची प्रत मिळावी आणि त्याचे म्हणणे ऐकावे असा हुकूम दिल्ली उच्च न्यायालयाने केला तो मे २०२२ मध्ये. युनियनमध्ये आम्ही चार्जशीट न देता कामावरून काढलेल्या माणसांसाठी भांडतो. त्यामुळे असेल, पण मला ही चार वर्षे फार वाटतात.

उलट बाजूचे एक उदाहरण मुंबईचेच आहे, आणि ते सांगताना मला बरे वाटते. सिनेमांच्या चोरट्या प्रती थांबवण्यासाठी निर्माते न्यायालयातून सरसकट बंदीचे हुकूम मिळवीत. २०१२ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या अशाच एका हुकमाच्या पोटी कंपन्यांनी अख्खी संकेतस्थळे बंद केली, आणि ठरावीक पत्तेच बंद करा असे न्यायालयाला मागाहून सांगावे लागले. २०१६ च्या जुलैत ‘ढिशूम’ चित्रपटाच्या वेळी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल ह्यांनी नुसती यादी पाहून हुकूम देण्याचे नाकारले. एकेक पत्ता आधी तपासावा, मग वकिलांनी पुन्हा तपासावा, आणि त्यानंतर शपथपत्रावर ते सांगावे, अशा तीन पायऱ्या त्यांनी लावून दिल्या. ह्याही तीन चाळण्याच. पण प्रत्येकीच्या मागे सही करणारा माणूस. शिवाय बंद केलेल्या पानाच्या जागी कोणत्या दाव्यातील हुकमाने बंद केले आणि तक्रार असल्यास कोठे जावे, हे लिहिलेले दिसले पाहिजे असे त्यांनी सांगितले. कारखान्यात आम्हाला हवी होती ती पाटी हीच.

हे सगळे ज्या पायावर उभे होते तो पाया मात्र मधल्या काळात सरकला. पूर्वी पान मागवणे म्हणजे पोस्टकार्ड टाकणे होते. वाटेतल्या प्रत्येकाला पत्ताही दिसे आणि मजकूरही. आता बहुतेक संकेतस्थळांचा व्यवहार बंद लिफाफ्यातून चालतो. लिफाफ्यावर फक्त घराचे नाव. आत कोणत्या खोलीतला कोणता कागद मागितला आहे ते मुखत्याराला दिसत नाही. स्क्विडच्या मदतनिसाकडे जी ओळ येते तिच्यात आता बहुधा संकेतस्थळाचे नाव असते, पुढचा पत्ता नसतो. काही कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर स्वतःचे प्रमाणपत्र बसवून लिफाफे वाटेत उघडतात आणि पुन्हा चिकटवतात. बँकेचा व्यवहार करणाऱ्या कामगाराला ते कोणी सांगत नाही.

जेथे लिफाफा उघडता येत नाही तेथे नावावरूनच निर्णय होतो: सोडा तर अख्खे घर सोडा, अडवा तर अख्खे घर अडवा. इंटरनेट पुरवणाऱ्या काही कंपन्या लिफाफ्यावरचे ते नाव वाचूनच जोडणी तोडतात. आणि बंद लिफाफ्याच्या बदली आपली पाटी घुसवता येत नाही, कारण ब्राउझर ती खोटी समजून टाकून देतो. म्हणून २००३ साली बारीक चाळणी नाही ह्या सबबीवर जे झाले तेच आता लिफाफा बंद आहे ह्या कारणाने होते, आणि न्यायमूर्तींनी मागितलेली पाटी लावावयाची ठरवली तरी ती त्या पडद्यावर उमटत नाही. ती दुसरीकडे कोठेतरी, सर्वांना पाहता येईल अशा यादीत लावावी लागेल. अशी यादी सरकारने आजवर प्रसिद्ध केलेली नाही.